प्रवर्गाच्या रकान्यापाशी: प्रस्तावना

सरकारी नोकरीच्या अर्जात ‘प्रवर्ग’ असा एक रकाना असतो. आई गोंड आणि वडील मराठा असलेल्या जबलपूरच्या मुलीने त्यात काय भरावे? कायदा, इतिहास आणि मानववंशशास्त्र या तिघांनाही या प्रश्नाकडे पाठ फिरवता येत नाही. या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांनी सुरुवात जबलपूरपासूनच करावी.

राणी दुर्गावती माहेरची चंदेल राजपूत. जबलपूरलगतच्या गढ्याच्या गोंड राजघराण्यात ती सून म्हणून आली आणि तिचा मुलगा वीर नारायण गोंड राजा म्हणूनच गादीवर बसला. इथल्या विद्यापीठाला आज तिचेच नाव आहे. पुढे १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातीजमातींवरचे चार खंड निघाले. हिरालाल तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यातल्या मुडवाऱ्याचे. एका जमातीतून दुसरी कशी फुटली, कोण कोणात मिसळले, याच्या कथा त्या खंडांत ठायी ठायी भेटतात. राज्यघटनेच्या ३४२व्या कलमाखालच्या अनुसूचित जमातींच्या यादीत मात्र जमातीचे फक्त नाव उरते.

मूल बापाच्या जातीचे, असे गृहीत धरून दाखले दिले जात. जानेवारी २०१२ मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे गृहीतक अंतिम नाही. आदिवासी आईने वाढवलेले, तिच्या समाजाची वंचना आणि अवहेलना सोसलेले, त्या समाजाने आपले मानलेले मूल आईची ओळख सिद्ध करू शकते. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत माणुसकीचा निवाडा आहे. पण सिद्ध करण्याचा भार उमेदवारावरच राहिला, हेही विसरता येत नाही.

जबलपूरच्या रेल्वे वसाहतींत राहिलेल्या अँग्लो-इंडियनांची गोष्ट निराळी. घटनेच्या ३३६व्या कलमाने रेल्वे, सीमाशुल्क आणि टपाल-तार खात्यांतल्या त्यांच्या जागा टप्प्याटप्प्याने कमी करत दहा वर्षे राखल्या. मिश्र वंश हाच तिथे हक्काचा आधार होता, तोही केवळ पितृवंशातून.

मराठी वाचकाला जवळचा पेच १ नोव्हेंबर १९५६च्या राज्यपुनर्रचनेचा. त्या दिवसापर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. आज जबलपूरची आदिवासी मुलगी नागपूरला आली, तर रेल्वेतल्या केंद्रीय पदासाठी तिचा मध्य प्रदेशचा दाखला चालतो. महाराष्ट्र शासनाच्या पदासाठी सर्वसाधारणपणे चालत नाही, जमात दोन्ही राज्यांच्या याद्यांत असली तरी.

नव्या अभ्यासकाने निकालपत्रांबरोबर शाळेची दाखल-नोंदवही वाचावी. मुलाची जात त्या दिवशी कोणी सांगितली आणि कोणी लिहून घेतली, हे शोधावे. आणि आईच्या गावी जरूर जावे. २०१२ नंतर तिथल्या माणसांची साक्षही पुरावा आहे.