सळईचा कॅरिअर हाही दस्तऐवज

समजा एक जुनी रॅले सायकल हाती लागली, पण तिचा कॅरिअर कुणीतरी सळई वाकवून घरीच केलेला. ही भेसळ की पुरावा?

दुसऱ्या महायुद्धापर्यंत आपल्याकडच्या बहुतेक सायकली ब्रिटनमधून यायच्या. किती आल्या, ते आयातीच्या आकड्यांत सापडतं. इथे आल्यावर त्यांचं काय झालं, ते मात्र सायकलवरच वाचावं लागतं. चिरलेल्या टायरच्या आत जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर. दुधाच्या किटल्या अडकवायला केलेले हुक. पायडलच्या एक्सलचा कप बघा: रॅलेला इंचात 26 आटे, इतर ब्रिटिश सायकलींना सहसा 24. म्हणजे परका कप सरळ बसणारच नाही. बसलेला दिसला तर कुणीतरी आटे नव्याने पाडले असावेत.

म्हणून 'ओरिजिनल' पार्ट बसवायची घाई करू नका. आधी फोटो काढा, मापं घ्या, क्लॅम्पखालचा रंग बघा. तिथे जुना थर टिकलेला असतो. सायकल कुणाकडून आली, तेही लिहून ठेवा. तो कॅरिअर एकदा भंगारात गेला, की सायकल नॉटिंगहॅमची उरते. तिचं इथलं आयुष्य पुसलं जातं. आणि आपला विषय तर तेच आयुष्य आहे ना?