कुलाब्याचे आरसे

बाळशास्त्री जांभेकरांचे नाव निघाले की साहित्याच्या वर्गात ६ जानेवारी १८३२ ही तारीख येते, ‘दर्पण’ येते आणि आद्य पत्रकार हे बिरुद येते. ते कुलाब्याच्या वेधशाळेचे संचालक होते, ही गोष्ट मात्र चरित्राच्या एका ओळीत उरकली जाते. केरो लक्ष्मण छत्रे यांची गत निराळी नाही. ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ लिहिणारे, टिळकांचे गुरू म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. पण पंधरा-सोळा वर्षांचा हा नागावचा मुलगा १८४० च्या सुमारास प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली याच वेधशाळेत लागला, याची दखल आमच्या वाङ्मयेतिहासाने नीट घेतलेली नाही. ती घ्यायला हवी. मराठीतले शास्त्रीय गद्य घडवणाऱ्यांपैकी काही जण आधी आकडे टिपायला बसले होते.

कंपनी सरकारने १८२६ मध्ये स्थापलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध सुरू झाले. तासातासाला माणूस उपकरणापाशी जाई, डोळ्याने आकडा वाची आणि वहीत मांडी. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळात कुलाब्याचे क्षैतिज क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले. त्या वादळाची तीव्रता ठरवण्यासाठी २००३ मध्ये त्सुरुतानी, लाखिना आदी संशोधकांनी आधार घेतला तो याच नोंदींचा. ज्यांनी त्या टिपल्या ते आम्हाला कोणत्याही ग्रंथकाराइतकेच आदरणीय वाटतात.

१८७२ च्या सुमारास डोळ्याची जागा प्रकाशाने घेतली. टांगलेल्या चुंबकाला लहानसा आरसा जोडलेला. त्यावर दिव्याचा किरण पडे आणि परावर्तित ठिपका फिरत्या नळकांड्यावरच्या प्रकाशसंवेदी कागदावर रेघ ओढी. चुंबक केसभर वळला तरी दूरवर तो ठिपका चांगलाच सरके. येथे आरसा हा केवळ निरोप्या होता. चुंबकाविषयी त्याला स्वतःला काही कळत नव्हते.

निरोप्यालाच चुंबक केले तर? ग्लासगोच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या जॉन केर यांनी १८७६ मध्ये नेमके हेच केले. ज्याची कंपने एकाच प्रतलात होतात असा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश त्यांनी विद्युतचुंबकाच्या घासूनपुसून चकचकीत केलेल्या ध्रुवावरून परावर्तित केला. परतलेल्या प्रकाशाचे प्रतल किंचित फिरलेले आढळले. हे फिरणे अंशाच्याही अपूर्णांकाएवढे असते. त्याचा खरा उपयोग कळायला शंभर वर्षे लागली. १९८५ मध्ये अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत मूग आणि बेडर यांनी सोन्याच्या स्फटिकावर लोखंडाचे, अणूच्या जाडीचे थर चढवले आणि त्यांचे चुंबकत्व याच युक्तीने वाचले. धातूत प्रकाश दहा-वीस नॅनोमीटर शिरतो. थर त्याहून पातळ असेल तर सबंध थर त्या परावर्तनात बोलतो. बाहेरचे क्षेत्र वाढवत, उलटवत जायचे आणि विश्लेषकातून येणारा प्रकाश मोजायचा. की मंदायनाचा वेटोळा कागदावर उमटतो. चुंबकत्व उलटायला किती क्षेत्र लागले, क्षेत्र काढून घेतल्यावर किती उरले, ते पृष्ठभागात पसरले आहे की त्यावर उभे आहे, हे त्यावरून कळते. एकूण चुंबकत्व नेमके किती, हे मात्र एकट्या या रीतीने सांगता येत नाही.

या मोजणीला बाहेरच्या शांततेची फारशी गरज नाही, कारण तिचे क्षेत्र प्रयोगशाळेतच निर्माण केलेले आणि बळकट असते. कुलाब्याचे दुर्दैव वेगळे होते. तेथे काही नॅनोटेस्लांची हालचाल टिपायची होती, आणि मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर जाणार होत्या. रुळांतला प्रवाह चुंबकाला स्वस्थ बसू देणार नाही, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला लोखंडविरहित इमारत उभी केली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेऊन नोंदींची सांगड घातली गेली. ७ मे १९०७ रोजी शहरात विजेची ट्राम धावली. गिरगाव, परळ, दादरच्या आठवणींत ट्रामचे कौतुक पानोपानी सापडते. तिने कोणाला शहराबाहेर काढले, याची ओळ आम्हाला त्यात अजून दिसलेली नाही.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर-दादर ही शेवटची ट्राम धावली. चुंबकीय वेधशाळा तोवर साठ वर्षे अलिबागेत मुरली होती. केरोपंतांच्या नागावापासून अगदी जवळ.