चंदन: सहाणेवरचे आणि भट्टीतले

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत देवघराच्या कोपऱ्यात सहाण आणि चंदनाचे खोड असे. पाण्याचे चार थेंब घालून उगाळलेले गंध आधी देवाला, मग उरलेले दुखऱ्या कपाळाला किंवा घामोळ्यांना. बोटभर खोड वर्षानुवर्षे पुरे. तेलाचा व्यवहार मात्र निराळा. मुळांत तेल भरपूर, म्हणून झाड मुळासकट खणून काढावे लागते.

सातारा जिल्ह्यात चंदन-वंदन ही किल्ल्यांची जोडी आहे. पण किल्ल्याच्या नावावरून वनस्पतीचा इतिहास रचण्याचा मोह आवरलेला बरा. झाडाला पावसाळी डोंगरापेक्षा कोरडा मुलूखच मानवतो. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून ते बांधावर उगवते आणि शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्नपाणी ओढून घेते. सुगंध फक्त गाभ्यात, आणि गाभा धरू लागायलाच दहा-पंधरा वर्षे जातात. गाभ्याचा भुगा दोन-तीन दिवस वाफेवर ठेवला की सँटॅलॉलने भरलेले, दाट, फिकट पिवळे तेल मिळते. त्याचा वास मंद, पण तो इतर वासांना धरून ठेवतो; म्हणूनच कनौजचे अत्तरवाले फुलांचा अर्क चंदनतेलात उतरवीत. प्रतिजैविके येण्यापूर्वी परम्यावरचे औषध म्हणूनही युरोपात त्याला मोठी मागणी होती.

हे तेल पूर्वी मुख्यतः युरोपात निघे. १९१४च्या महायुद्धाने निर्यात थांबली, लाकूड पडून राहिले, आणि १९१६ साली मैसूर संस्थानाने स्वतःचा कारखाना काढला. तिथे चंदन राजवृक्ष होते. टिपूने १७९२ साली तशी घोषणा केल्याचे सांगतात. झाड कुणाच्याही रानात असो, मालकी सरकारची. कर्नाटकाने ही अट २००१ साली सैल केली.

महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत चंदन आहे. स्वतःच्या बांधावरचे झाड तोडायलाही परवानगी लागते. हेतू रक्षणाचा, हे खरे. पण ज्याने झाड राखायचे त्याच्या वाट्याला कागदपत्रे आणि ज्याने चोरायचे त्याच्या वाट्याला गाभा, अशी ही वाटणी मला कधीच न्याय्य वाटली नाही.

अलीकडे कोरडवाहू शेतकरी सात-बाऱ्यावर नोंद करून सलग लागवड करतात. रोपांना आधार म्हणून सोबत तूर पेरतात. झाडे जरा जाड झाली की रात्रीची राखण सुरू होते. गाभा भरला का, हे पाहायला चोर आधी बुंध्याला गिरमिटाने भोक पाडून जातात.