हिशेबनिसाची परीक्षा

लासलगावचे नाव निघाले की तुमच्या डोळ्यांपुढे कांदा उभा राहतो. ते योग्यच आहे. १९४७ साली इथं बाजार समिती स्थापन झाली आणि कांद्याने गावाचे नाव दूरवर पोहोचवले. पण कांद्याच्या प्रत्येक गाडीमागून एक कागद चालत असतो, तिकडे आपलं लक्ष जात नाही. लिलाव होतो, वजन होते, शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते. हा हिशेब लिहिणारा आणि तपासणारा माणूस तयार कसा होतो? आज या भागातली मुलेमुली सी. ए. व्हायचे म्हणून पुस्तके उघडतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, ‘पहिल्या खेपेला पास होता येईल का?’ या प्रश्नाचे उत्तर शोधायला थोडे मागे गेले पाहिजे.

जुन्या काळी हिशेब हे बहुधा घराण्याचे काम असे. फडणीस हा शब्द मूळ फारसी ‘फर्दनवीस’, म्हणजे यादी लिहिणारा. १७५६ साली वडील वारले आणि कोवळ्या वयात नानांकडे पेशव्यांची फडणिशी आली. त्या वेळी छापील प्रश्नपत्रिका नव्हती. पण म्हणून शिक्षण नव्हते असे समजू नका. मोडीचा कित्ता गिरवायचा, पावकी-निमकी-सवायकी-दिडकी तोंडपाठ करायची आणि जाणत्याच्या शेजारी बसून कीर्द लिहायची. शिक्षण पक्के होते. दोष एवढाच, की घराण्याबाहेरच्या मुलाला त्या बैठकीत जागा मिळणे कठीण.

हे दार परीक्षेने उघडले. १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेब तपासणाऱ्याला सरकारी दाखला आवश्यक ठरवला. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले. १९१८ साली मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली. मान्यताप्राप्त हिशेबतपासनिसाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करायची आणि परीक्षा द्यायची, अशी तिची रीत. मद्रासच्या आर. शिवभोगम १९३३ साली ही पदविका परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि देशातल्या पहिल्या महिला हिशेबतपासनीस ठरल्या. पुढे संसदेने नव्हे, तर संविधान सभेनेच कायदे करण्याच्या त्या काळात १९४९ चा चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा झाला. १ जुलै १९४९ रोजी आजची संस्था उभी राहिली आणि जी. पी. कापडिया तिचे पहिले अध्यक्ष झाले.

आता गंमत पाहा. घराणे गेले, परीक्षा आली; पण जाणत्याशेजारी बसून शिकणे काही सुटले नाही. उमेदवारीची तीन वर्षे १ जुलै २०२३ पासून नव्या उमेदवारांसाठी दोनवर आली, तरी उमेदवारी राहिलीच. हिशेब वाचून येत नाही, लिहून येतो, हे पेशव्यांच्या दफ्तराला ठाऊक होतं आणि आजच्या संस्थेलाही ठाऊक आहे. म्हणून पहिल्या खेपेला पास व्हायचे असेल, तर उदाहरणे नजरेने सोडवू नका. घड्याळ लावून, तीन तास बसून, हाताने पेपर सोडवा. संस्था मागच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची नमुना उत्तरे प्रसिद्ध करते. आपले उत्तर त्यांच्याशी ताडून पाहा.

परीक्षेचे नियमही नीट वाचा, त्यातच तयारीची दिशा आहे. मधल्या आणि शेवटच्या पायरीवर तीन-तीन पेपरांचे दोन गट असतात. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि गटात एकूण ५० टक्के गुण हवेत. तिन्ही पेपरांत ४०-४० मिळाले, तर बेरीज १२०, हवेत १५०. नापास. दोन पेपरांत ७५-७५ आणि तिसऱ्यात ३५ पडले, तर बेरीज १८५ होऊनही नापास! आवडत्या विषयाची श्रीमंती नावडत्याचे कर्ज फेडत नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याची आणखी एक अडचण असते, तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. आडतीच्या दुकानातली कीर्द त्याने लहानपणापासून पाहिलेली असते. गणपतरावांनी शंभर रुपये दिले, की डावीकडे ‘गणपतराव खाते जमा’. कॉलेजात इंग्रजी पद्धतीचे रोख पुस्तक समोर येते, तिथंही आलेली रोख डावीकडेच. पण डोक्यावर लिहिलेले असते डेबिट, म्हणजे नावे! पैसे आले आणि नावे कसे? पोरगा गोंधळतो आणि मग नियम पाठ करू लागतो. खरे तर दोन्ही बरोबर आहे. आपली कीर्द देणाऱ्याचे खाते सांगते, तो जमा. इंग्रजी पुस्तक रोखीचे खाते सांगते, ते नावे. एकाच व्यवहाराची ही दोन अंगे. एवढे उमगले की निम्मे पाठांतर वाचते. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागते, मराठीत नाही. तेव्हा विचार आधी मराठीत पक्का करा, आणि प्रत्येक संज्ञेचे परीक्षेतले नाव शेजारी लिहून ठेवा. बापाच्या दुकानात शिकलेले टाकून द्यायचे नसते, त्याचे भाषांतर करायचे असते.

शेवटी, जुन्या मुनिमाची एक शिस्त. दिवे लागल्यावर रोख मोजायची, किर्दीशी मेळ घालायचा आणि मेळ बसल्याशिवाय उठायचे नाही. आज न समजलेला धडा उद्यावर टाकला, की तो बाकी म्हणून पुढच्या पानावर जातो. परीक्षेच्या महिन्यात त्या साऱ्या बाक्या एकदम वसुलीला येतात. पहिली खेप चुकली तर नुसते गुण जात नाहीत, घरच्यांचे पैसे आणि उमेदीचे महिने जातात. कांद्याचा भाव पडलेल्या वर्षी ते किती महाग पडतात, हे लासलगावच्या घरांना सांगायला नको. तेव्हा दर रविवारी आठवड्याचा मेळ घाला, आणि जे राहिले असेल ते सोमवारी सकाळी आधी हाती घ्या.