वळण

आज एकाच शब्दावर बोलायचं आहे. वळण.

रस्ता दिशा बदलतो तिथे वळण. ‘पुढच्या वळणावर डावीकडे या’ म्हटलं की कुणालाही कळतं. पण आई म्हणते, ‘पोराला वळण लावायला हवं,’ तेव्हा पोराने सारखी दिशा बदलावी असं तिला थोडंच म्हणायचं असतं! उलट, एकदा वळला की तसाच राहावा. मूळ क्रियापद वळणे. गुरं वळतात, म्हणजे भरकटलेलं जनावर फिरवून कळपात आणतात. दोर वळतात, लाडू वळतात, आणि वळलेली वस्तू तो आकार धरून ठेवते. मला वाटतं, पोराचं वळण याच घरातलं. (भीतीने बोबडीही वळते, पण ती राहू द्या.)

मला हा शब्द खरा भेटला तो अक्षरात. मी बडोद्यात वाढलो. आजोबांच्या ट्रंकेत मोडीतला एक कागद होता आणि घरात कुणालाच तो वाचता येत नव्हता. मी मुळाक्षरांचा तक्ता पाठ केला, कागद समोर धरला, तर एक ओळ लागेना. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात, मग शक्यतो लेखणी न उचलता लिहीत जातात. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, ‘अक्षर शोधू नका, लिहिणाऱ्याचं वळण शोधा.’

जुनी वळणं तर नावाने ओळखली जात: चिटणिसी, बिवलकरी. आणि ही लिपी महाराष्ट्रापुरती नव्हती. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तिथल्या भोसले राजांच्या दरबाराचे मोडी कागद आजही आहेत. विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतून गेली, बाळबोध म्हणजे देवनागरी राहिली. साध्या, जुन्या रीतीच्या घराला आपण ‘बाळबोध वळणाचं’ म्हणतो, त्यात लिपीचंच नाव आहे, हे बोलताना कुणाच्या ध्यानात येतं?

माझा कागद तीन आठवड्यांनी लागला. उसनवारीचा हिशेब निघाला, कुणाला किती दिले त्याचा. शेवटच्या दोन ओळी मात्र अजून अडल्या आहेत. तिथे हात बदललाय, वळण दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.