एका रेणूची दोन नावे

तीव्र संसर्ग होऊन गेल्यावर कर्करोगाची गाठ कधी कधी आपोआप विरघळते, हे डॉक्टरांच्या फार पूर्वीच ध्यानात आले होते. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९१ साली रुग्णाला मुद्दाम स्ट्रेप्टोकॉकस जीवाणू टोचले. पुढे ते मारलेल्या जीवाणूंचे मिश्रण वापरू लागले. काहींना गुण आला, बऱ्याच जणांना नाही. गाठ नेमकी कशामुळे विरघळते, हे मात्र कळेना.

उत्तराचा धागा सापडायला १९७५ साल उजाडले. त्याच शहरातल्या स्लोन-केटरिंग संस्थेत एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना बीसीजी टोचली. क्षयाविरुद्ध आपण बाळांना देतो तीच. नंतर त्यांना एंडोटॉक्सिन, म्हणजे काही जीवाणूंच्या बाह्य आवरणातले विष दिले आणि दोन तासांनी त्यांचे रक्त काढले. त्यातला रक्तरस गाठी असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिला, तेव्हा गाठींचा मधला भाग मरून गेला. या घटकाला त्यांनी ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’, थोडक्यात टीएनएफ, असे नाव दिले.

रस्त्यापलीकडे रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी वेगळ्याच कोड्यात अडकले होते. ट्रिपॅनोसोम या परजीवीची लागण झालेले ससे झिजून हाडांचा सापळा होत, रक्तात मात्र चरबी साचलेली असे. परजीवी तर थोडेच. म्हणजे सशांना झिजवणारे द्रव्य त्यांच्याच शरीरात तयार होत असले पाहिजे. सेरामींनी त्याला ‘कॅकेक्टिन’ म्हटले.

१९८४ साली जेनेनटेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मानवी टीएनएफचे जनुक वेगळे करून ते ई. कोलाय जीवाणूत घातले. जीवाणू १५७ अमिनो आम्लांचे हे मानवी प्रथिन बनवू लागले. अशा प्रथिनाला पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. इकडे सेरामींकडे काम करणाऱ्या ब्रूस बॉयटलर यांनी उंदराच्या महाभक्षी पेशींपासून कॅकेक्टिन शुद्ध केले. १९८५ साली त्याची अमिनो आम्लांची सुरुवातीची मालिका वाचली, ती टीएनएफशी जुळली! गाठ मारणारा आणि शरीर झिजवणारा रेणू एकच होता.

कर्करोगावर औषध मिळाले म्हणून आनंदलेल्यांना हा धक्काच होता. १९८६ साली केव्हिन ट्रेसी यांनी पुनर्संयोजित प्रथिन उंदरांहून मोठ्या पांढऱ्या घुशींना टोचले. शरीरात एकही जीवाणू नसताना त्यांचा रक्तदाब कोसळला आणि पुरेशी मात्रा मिळालेल्या घुशी काही तासांतच मेल्या. जंतुदोषात रुग्णाचा जीव घेणाऱ्या आघातामागे त्याचे स्वतःचेच प्रथिन असू शकते, असा याचा अर्थ.

इथे चिकित्सक विद्यार्थी हात वर करील. ई. कोलायच्या आवरणातही एंडोटॉक्सिन असतेच. मग घुशी प्रथिनाने मेल्या की सोबत आलेल्या विषाने? प्रश्न रास्त आहे आणि आजही अशा प्रथिनाची प्रत्येक कुपी वापरताना तो विचारावाच लागतो. एक साधी युक्ती म्हणजे नमुना उकळणे. उकळल्यावर प्रथिन निकामी होते, एंडोटॉक्सिन टिकते. उकळूनही परिणाम तसाच राहिला, तर संशय विषावर. दुसरी युक्ती म्हणजे सी३एच/एचईजे जातीचे उंदीर वापरणे. त्यांच्यावर एंडोटॉक्सिनचा जवळजवळ परिणामच होत नाही. का होत नाही, याचा शोध बॉयटलर यांनीच १९९८ साली लावला. या उंदरांत विष ओळखणाऱ्या ग्राहीचे जनुक बिघडलेले होते. या कामासाठी २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

टीएनएफ कर्करोगावर सर्रास वापरता आले नाही. गाठीला पुरेल इतकी मात्रा रुग्णाला सोसेना. मग उलटा विचार सुरू झाला: ते द्यायचे नाही, अडवायचे. जंतुदोषाच्या रुग्णांत टीएनएफविरोधी प्रतिपिंडांनी निराशा केली. लंडनमध्ये मार्क फेल्डमन व रविंदर मैनी यांनी १९९२ साली तीच प्रतिपिंडे संधिवाताच्या रुग्णांना दिली, तेव्हा सुजलेले सांधे उतरले. आज ही औषधे जगभर वापरात आहेत. मात्र ती सुरू करण्याआधी छुप्या क्षयाची तपासणी करावी लागते, कारण फुप्फुसात वर्षानुवर्षे दडलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवायला शरीराला टीएनएफच लागते.