काकनीड आणि कालवा

ज्या मुलखात मृगाचा पाऊस कधी आर्द्रेत येई आणि कधी मुळीच येत नसे, त्या मुलखातील कुणब्याला कावळ्याकडे निव्वळ कौतुकाने पाहण्याची चैन परवडणारी नव्हती. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत कावळ्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आणि वैशाखात धडधाकट वृक्षावर घरटे झाल्यास सुभिक्ष, काटेरी वा शुष्क वृक्षावर झाल्यास दुर्भिक्ष, असा निवाडा दिला. या ज्योतिष्याचे नावही कानावर न आलेला प्रवराकाठचा शेतकरी, कावळा आंब्यावर काड्या नेतो की बाभळीवर, हे पाहून बियाणे राखून ठेवण्याचा विचार करी.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या नगर जिल्ह्यात आणेवारीचा आकडा हाच अनेक कुटुंबांचा वर्षफलादेश असे. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात धोंड-मनमाड लोहमार्गाची माती दुष्काळी कामावरच्या मजुरांनी उपसली. त्या मार्गावरचे स्थानक प्रवराकाठच्या जुन्या बेलापुरावरून ‘बेलापूर रोड’ म्हणून ओळखले गेले आणि त्याच्याभोवती जी वस्ती वाढली तिचेच पुढे श्रीरामपूर झाले. गावकावळा मनुष्यवस्तीला सोडून राहत नाही. तेव्हा धान्याच्या गोण्या, बैलगाड्यांचे तळ आणि खानावळींची खरकटी जिथे एकत्र आली, तिथे तो कोणाच्या परवान्यावाचून रहिवासी झाला असणार. (रामायणात ज्याचा एक डोळा रामाच्या दर्भास्त्राने गेला, त्याच्या वंशजांनी रामाच्याच नावाच्या गावी इतक्या निर्धास्तपणे नांदावे, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे.)

१९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी जिराईत माळाचे रूप पालटले. हरेगाव आणि टिळकनगर येथे साखर कारखाने उभे राहिले, उसाच्या जोडीला मोसंबीच्या बागा फुलल्या. मात्र माझ्या मते सर्वांत मोठे स्थित्यंतर शेतकऱ्याच्या दृष्टीत झाले. जी नजर वैशाखात झाडाच्या शेंड्याकडे लागे, ती आता चारीच्या तोंडाशी, पाटकऱ्याच्या येण्याकडे आणि पाळीपत्रकाकडे लागली. पर्जन्याचा जुना कारकून अशा रीतीने बडतर्फ झाला. पितृपक्षातील घास आणि दहाव्याचा पिंड एवढेच मानधन त्याच्याकडे शिल्लक राहिले.

बडतर्फीने त्याचे नुकसान झाले असे मला वाटत नाही, आणि आपले तर नाहीच. परसात पेरू, शेवगा आणि एखादे कडुलिंबाचे झाड असले, की घराच्या ओट्यावर बसून हा पक्षी निर्हेतुकपणे न्याहाळता येतो. राखी मानेचा गावकावळा आणि जाड चोचीचा, आपादमस्तक काळाभोर डोमकावळा एकाच आळ्यातले पाणी पिताना दिसतात. पहिला टोळीच्या बळावर दुसऱ्यालाही हुसकावतो. उन्हाळ्यात काड्यांबरोबर गंजलेल्या तारांचे तुकडे गोळा करून तो घरटे रचतो, आणि ज्याच्या चातुर्याच्या कथा पंचतंत्रापासून चालत आल्या, तो कोकिळेने त्यात घातलेले अंडे आपलेच समजून उबवतो. नर कोकिळ समोर येऊन कावळ्यांना पाठलागास प्रवृत्त करतो, तेवढ्यात ठिपकेदार मादी आपले काम उरकते. या उघड कटाचा उलगडा काकजातीला अद्यापि झालेला नाही. वराहमिहिर घरट्यातील पिलांच्या संख्येवरूनही फल सांगतो. दोन, तीन वा चार असल्यास सुभिक्ष आणि पाच झाल्यास राज्यपालट. या गणतीत कोकिळेचे पोर धरावे की वगळावे, हा प्रश्न मात्र त्याच्या टीकाकारांनी निकालात काढावा.

अलीकडे आणखी एक पेच पडला आहे. गल्लीतील कावळे झाड सोडून विजेच्या खांबावर, तारांच्या बेचक्यात संसार थाटतात. ही जागा ना धडधाकट वृक्षात मोडते, ना काटेरीत. आणि तिचे फल पाहण्याइतका अवधीही मिळत नाही, कारण मृगाआधीच्या दुरुस्तीसाठी शिडी घेऊन आलेला वायरमन ते घरटे काढून टाकतो, आणि पुढच्याच आठवड्यात कावळ्याची जोडी त्याच खांबावर पुन्हा तार घेऊन हजर होते.